दूरध्वनीचा खर्च आणि आवाजाची वाट
(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागील वर्षीच्या सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी उभे राहून विचारले होते, "हल्ली फोन फुकट झाला असे सगळे म्हणतात, मग आपल्या ताळेबंदात दूरध्वनी व इंटरनेटचा खर्च वर्षागणिक वाढतो तो कसा?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी वेळेअभावी आम्ही दोन वाक्यांत उत्तर दिले व त्यांचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. आज त्याच प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याची परवानगी अध्यक्षांनी दिली आहे. आम्ही मूळचे वाणिज्य शाखेचे पदवीधर. यंत्राच्या पोटातील गोष्टी आम्हांलाही चाळिशीनंतर, गरज पडली म्हणून शिकाव्या लागल्या. तेव्हा जे आम्हांला समजले, ते आपणांस समजेल अशा रीतीने सांगण्याचा प्रयत्न करतो.

प्रारंभ एका प्रसंगाने करू. तो आमच्या गौरवाचा नाही.

काही वर्षांपूर्वी श्रावणातील एका सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनास आलेले एक वयोवृद्ध यात्रेकरू उलटी-जुलाबाने थकून आपल्याकडे दाखल झाले. निवासी डॉक्टर त्यांना तपासून, सलाईन लावण्यास सांगून, घाटातील अपघातात जखमी झालेल्या दुसऱ्या रुग्णाला टाके घालण्यासाठी शेजारच्या खोलीत गेले. वृद्धांना हृदयविकाराचाही इतिहास होता. म्हणून सलाईन किती वेगाने सोडावे, हे शहरातील फिजिशियनना विचारायचे ठरले. इंटरनेटवरून चालणारा फोन आपल्याकडे नुकताच बसविला होता. परिचारिकेने विचारले, पलीकडून उत्तर आले, तिने कागदावर टिपले: मिनिटाला आठ थेंब.

डॉक्टर "साठ" म्हणाले होते.

परिचारिका अनुभवी होत्या. एवढ्या कोरड्या पडलेल्या माणसाला आठ थेंब फारच कमी, हे त्यांच्या मनात आले व त्यांनी पुन्हा फोन लावण्याचा प्रयत्न केला. तो लागेना. मोबाइलही लागेना, कारण त्या दिवशी वेरुळात पाय ठेवायला जागा नव्हती आणि टॉवरवर तेवढाच ताण होता. निवासी डॉक्टर बाहेर आले, त्यांनी बाटलीकडे पाहिले आणि चूक तेथेच दुरुस्त झाली. रुग्ण तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेले. परंतु आम्ही काय केले? आम्ही परिचारिकेला मेमो दिला. नोंदवहीत "ऐकण्यात चूक" असा शेरा मारला आणि प्रकरण मिटले असे समजलो.

पुढच्या आठवड्यात यंत्रांची देखभाल करणारा एक तरुण तंत्रज्ञ आला. त्याला हा प्रकार कुणीतरी सांगितला होता. त्याने आम्हांला एका खोलीत बसविले, स्वतः दुसऱ्या खोलीत गेला आणि त्याच फोनवरून "आठ" व "साठ" हे शब्द उलटसुलट क्रमाने उच्चारत राहिला. आम्ही कागदावर लिहीत गेलो. तपासले तेव्हा आमचे इतके शब्द चुकलेले निघाले की दुसऱ्या दिवशी आम्ही तो मेमो लेखी मागे घेतला व परिचारिकेची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. ऐकणारीचा कान ठीक होता. "साठ"मधला "स" वाटेत कोठेतरी पडत होता.

तो कसा पडला, हे समजण्यासाठी आवाज आता कोणत्या वाटेने येतो ते पाहावे लागेल. आपल्या जुन्या काळ्या फोनमध्ये बोलणे सुरू असेपर्यंत दोन माणसांच्या दरम्यान एक वाट राखून ठेवलेली असे. त्या वाटेवर दुसरा कुणी येत नसे. इंटरनेटवर तशी राखीव वाट नसते. आपण बोलतो तो आवाज यंत्र दर सेकंदाला ८,००० वेळा मोजते, त्या मोजमापांचे आकडे करते आणि साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज एका लहानशा पाकिटात भरते. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याची ५० पाकिटे होतात. प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि क्रमांक असतो, आणि टपालाच्या पिशवीत जशी लग्नपत्रिका व विजेचे बिल शेजारी शेजारी असते, तशी ही पाकिटे इतर हजारो लोकांच्या पाकिटांबरोबर एकाच तारेतून जातात. त्या पत्त्यांचेही वजन असते बरे! मूळ आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, तर पत्ते-क्रमांकांसह ते ८० पर्यंत जातात. आमच्यासारख्या हिशेबनिसाला हा वाहतूक खर्च चटकन समजला.

आता दोन गोष्टी घडल्या होत्या. साध्या फोनच्या दर्जाचा आवाज चार हजार हर्ट्झच्या वरचा भाग वाहूनच नेत नाही, आणि "स"चा जो सीत्कार असतो त्याचा बराचसा भाग नेमका त्याच्या वर असतो. म्हणून फोनवर "स" मुळातच क्षीण असतो. त्यात आपल्या यंत्रात अशी सोय चालू ठेवलेली होती की, कुणी बोलत नसेल तेव्हा पाकिटे पाठवायचीच नाहीत, तेवढीच काटकसर. माणूस बोलू लागला हे यंत्राच्या लक्षात येईपर्यंत शब्दाचा हलका आरंभ निसटून जाई. "साठ"चा "आठ" होण्यास आणखी काय हवे?

उपाय स्वस्त होता, हे सांगताना आम्हांला आजही संकोच वाटतो. ती काटकसरीची सोय बंद केली. आवाज रुंद पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला १६,००० मोजमापे घेऊन, पाठविण्याची पद्धत निवडली. ही पद्धत १९८८ सालापासून प्रमाणित आहे, आणि आश्चर्य असे की तिलाही ६४ किलोबिटच पुरतात. दोन्ही टोकांना तशी यंत्रे असली की "स" स्वच्छ ऐकू येतो. मात्र हाच फोन वाटेत साध्या दूरध्वनीच्या जाळ्यात शिरला की पुन्हा अरुंद होतो. म्हणून यंत्रावर विसंबून न राहता तोंडी नियमही केला: आकडा आधी शब्दात, मग अंक सुटे करून सांगायचा, "साठ, सहा-शून्य", आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. डॉक्टर कितीही ज्येष्ठ असोत, परिचारिकेने आकडा परत म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. प्रारंभी काही मान्यवर डॉक्टरांना हे आवडले नाही. आता त्यांना सवय झाली आहे.

ही विद्या आपल्या देशात नवी नाही. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. त्यावरून बोलण्यास मात्र परवानगी नव्हती. ती १ एप्रिल २००२ पासून मिळाली, आणि तीही संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातील फोनवर बोलण्यापुरती. इंटरनेटवरून देशातील साध्या फोनवर बोलण्याची मुभा २०१८ साली मिळाली. वैद्यकाने मात्र एवढी वाट पाहिली नाही. सन २००० मध्ये आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यातील अरागोंडा या खेड्यातील रुग्णालय उपग्रहाद्वारे मोठ्या रुग्णालयाशी जोडले गेले. २००१ पासून इस्रोने देशभर अशी जोडणी सुरू केली. आपल्या महाराष्ट्रातही त्या दशकात मुंबईचे केईएम रुग्णालय नंदुरबार, सिंधुदुर्ग यांसारख्या दूरच्या जिल्हा रुग्णालयांशी जोडण्याचा प्रकल्प झाला. त्या काळातील डॉक्टर एक अडचण हमखास सांगतात: बोलणे एकमेकांवर आदळे. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. आवाजाला वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद लागतो. प्रश्न विचारावा, उत्तर येईना म्हणून पुन्हा विचारावा, तोच पहिल्या प्रश्नाचे उत्तर यावे. संभाषण सहज वाटावे यासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. उपग्रहाला तो पाळणे निसर्गतःच शक्य नव्हते. जमिनीवरील प्रकाशतंतूच्या केबलला तो सहज पाळता येतो. वेरूळ ते छत्रपती संभाजीनगर हे सुमारे ३० किलोमीटर अंतर प्रकाशाला काहीच नाही.

धर्मादाय संस्थेने या बाबतीत कुणाकडे पाहावे, असे विचाराल तर आम्ही तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयाचे नाव घेऊ. त्यांनी थेनी येथील आपल्या रुग्णालयापासून भोवतालच्या गावांतील दृष्टी केंद्रांपर्यंत लांब पल्ल्याच्या बिनतारी जोडण्या उभारल्या. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांचे त्यांना साहाय्य होते. गावात प्रशिक्षित कर्मचारी डोळा तपासतो व डॉक्टर थेनीला बसून रुग्णाशी बोलतात. तेथे यंत्राइतकेच महत्त्व रुग्णाजवळ बसलेल्या त्या प्रशिक्षित माणसाला आहे. आपल्याकडेही हेच दिसते. पडद्यावरचे डॉक्टर रुग्णाच्या पोटावर हात ठेवू शकत नाहीत. तो हात आपल्या परिचारिकेचा असतो, आणि हाताखाली काय लागले ते तिने शब्दांत सांगायचे असते.

आवाजाबरोबर आता चित्रही येते. येथे देणगीदारांच्या एका अपेक्षेविषयी स्पष्ट बोलावे लागेल. आपल्यापैकी एका कुटुंबाने मोठ्या औदार्याने भिंतभर मोठ्या पडद्यासाठी रक्कम देऊ केली होती. आम्ही त्यांना विनंती केली की पडदा मध्यम घ्यावा व उरलेली रक्कम जोडणीवर खर्च करू द्यावी. त्यांनी मान्य केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. कारण असे की, चित्र हलते-बोलते हवे तेव्हा त्याला आवाजाच्या कितीतरी पट अधिक जागा लागते. आणि रुग्णालयाकडून माहिती बाहेर जाते ती अधिक. घरी आपण चित्रपट पाहता तेव्हा माहिती आत येते. इथे रुग्णाचा चेहरा, त्याची जखम, त्याचा श्वास बाहेर पाठवायचा असतो. जुन्या ब्रॉडबँड जोडण्यांत बाहेर जाण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा फार अरुंद असे. डॉक्टर आम्हांला ठळक दिसत आणि आमचा रुग्ण त्यांना धुक्यात दिसे.

एक्स-रेची गोष्ट आणखी निराळी. त्याची फाइल मोठी असते, पण तिला घाई नसते. ती दोन मिनिटांनी पोहोचली तरी हाड तेच राहते, आणि एखादे पाकीट हरवले तर पुन्हा मागविता येते. आवाजाचे पाकीट हरवले तर पुन्हा मागविण्यात अर्थ नाही. ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. उशिरा आलेला आवाज हा हरवलेलाच आवाज. यास्तव आपल्या राउटरला आता क्रम लावून दिला आहे. पहिला मान आवाजाचा, नंतर हलत्या चित्राचा, मग एक्स-रे व अहवालांचा, आणि सर्वांत शेवटी आमच्या लेखा विभागाचा. आमच्या विभागाने याविरुद्ध तक्रार केलेली नाही. ही शिस्त आपल्या उंबऱ्यापर्यंतच चालते, बाहेरच्या रस्त्यावर आपले काही चालत नाही, हेही ध्यानात घ्यावे. त्यामुळेच जोडणी घेताना केवळ वेगाचा आकडा न पाहता विलंब किती आणि तो किती कमी-जास्त होतो, हे आम्ही दर महिन्याला मोजून वहीत लिहितो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, म्हणजे खर्चाकडे.

जुन्या काळ्या फोनचा एक गुण आपण विसरलो आहोत. त्याला लागणारी वीज तांब्याच्या तारेतून टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांकडून येई. मराठवाड्यात भारनियमन ज्या वर्षांत दिवसाचे अनेक तास चाले, तेव्हाही अंधारात तो फोन वाजत असे. प्रकाशतंतूच्या काचेतून वीज येत नाही. वीज गेली की राउटर, फोन, कॅमेरा सर्व गप्प. म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र इन्व्हर्टर व बॅटऱ्या ठेवाव्या लागतात, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. दुसरे असे की, धुळे-सोलापूर महामार्ग आपल्या दारावरून जातो. रस्त्याची कामे निघाली की खोदकामात केबल तुटते, आणि सह्याद्रीच्या काळ्या कातळात ती पुन्हा खोल गाडणे सोपे नाही. या कातळाचे काठिण्य लेण्यांमुळे आपणां वेरूळकरांना वेगळे सांगायला नको. त्यामुळे एकच जोडणी ठेवणे म्हणजे एकाच दोरीवर विहिरीत उतरणे. आम्ही दुसरी, वेगळ्या मार्गाने येणारी जोडणी घेतली. महाशिवरात्रीला व श्रावणी सोमवारी मोबाइलच्या भरवशावर राहता येत नाही, हे आपण वरच्या प्रसंगात पाहिलेच.

कायद्याचीही चौकट आहे. केंद्र शासनाच्या संमतीने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. चित्र, आवाज व मजकूर या तिन्ही मार्गांनी सल्ला देण्यास त्यांनी मान्यता दिली. पण पहिल्याच भेटीत काही औषधे केवळ चित्रसंवादानंतरच लिहून देता येतात, आणि गुंगीकारक औषधे तर दूरवरून लिहून देताच येत नाहीत. रुग्णाची संमती व सल्ल्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. शासनाची ई-संजीवनी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली व फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. रुग्णांच्या आप्तांनी तिचा अवश्य लाभ घ्यावा, ती विनामूल्य आहे. आमची व्यवस्था तिच्याशी स्पर्धा करण्यासाठी नाही. आमच्या पलंगावर असलेल्या रुग्णासाठी, त्याला ओळखणाऱ्या डॉक्टरांशी, रात्री-अपरात्री बोलता यावे म्हणून ती आहे.

दाखल रुग्णाला शहरात हलवायचे की नाही, हा त्यातला सर्वांत कठीण प्रश्न. दौलताबादच्या वेशीत वाहने अडकली की ३० किलोमीटरना किती वेळ लागतो, हे येथे बसलेल्या अनेकांनी आपल्या माणसाचा हात हातात धरून अनुभवले आहे. रुग्णवाहिकेचे भाडे, सोबत जाणाऱ्यांची मजुरी बुडणे, शहरात राहण्या-जेवण्याची सोय, हा सगळा भार घरावर पडतो. दूरवरच्या डॉक्टरांनी रुग्णाला पाहून, त्याच्याशी बोलून "हलवू नका, सकाळपर्यंत एवढे करा" असे सांगितले तर तो भार टळतो. "आत्ताच्या आत्ता निघा" असे सांगितले तर मोलाचा तास वाचतो. दोन्ही वेळा त्यांचे शब्द आम्हांला अखंड ऐकू आले पाहिजेत.

आता हिशेबनीस म्हणून एक अडचण मांडतो. जोडणीचे मासिक भाडे, बॅटऱ्या, देखभाल हा सारा महसुली खर्च आहे. तो दर महिन्याला येतो व दिसत नाही. देणगी मिळते ती बहुधा भांडवली वस्तूंसाठी. पलंग, यंत्र, खोली, जिच्यावर आईवडिलांच्या नावाची पाटी लावता येते. त्या भावनेचा आम्ही आदरच करतो. परंतु भाड्याच्या पावतीवर पाटी कोठे लावणार? धर्मादाय रुग्णालय म्हणून देयकांच्या २ टक्के रक्कम आपण निर्धन रुग्ण निधीत भरतो. तो निधी गरीब रुग्णांच्या उपचारांसाठीच आहे व त्याला आम्ही या कामासाठी हात लावणार नाही. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही असा प्रस्ताव ठेवला आहे की, या सेवेसाठी स्वतंत्र कायम निधी उभारावा, मुद्दल बँकेत राहावे व व्याजातून भाडे भरावे. मंडळाने तो तत्त्वतः मान्य केला आहे. निधीचा हिशेब दरवर्षी याच अहवालात वेगळ्या पानावर छापला जाईल. त्यात जोडणी किती वेळा बंद पडली व किती वेळ बंद होती, याची नोंदही असेल. तो आकडा काही वेळा आमच्या सोयीचा नसेल. तरीही छापू.

पाटीविषयी एक सूचना एका विश्वस्त भगिनींनी केली. दूरसंवादाच्या खोलीत निधीच्या देणगीदारांची नावे एका फलकावर लिहावीत, आणि त्याच फलकावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, "आकडा परत म्हणा" हा नियम लिहावा. आम्हांला ती सूचना फार आवडली. फलकाचे काम रंगाऱ्याकडे दिले आहे.

चहापानानंतर, दुपारी चार वाजता, शहरातील फिजिशियनांची नेहमीची फेरी त्या खोलीतून होईल. रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांची संमती घेतलेली आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी दोघा-दोघांनी आत यावे, मोबाइल बाहेर ठेवावेत आणि कृपया आत बोलू नये. त्या खोलीतला मायक्रोफोन आता फार बारीक ऐकतो.